भंडाऱ्यातली गोळी

मला गोळीनं झोप येते हे आमच्या घरात सगळ्यांत आधी देवाला कळलं. डॉक्टरांना नंतर कळलं आणि मला त्याहून नंतर.

दौंड तालुक्यातल्या राहू गावच्या शिवारात आमची वस्ती, तिथली ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. मी घराच्या मधल्या मेढीला, लाकडी खांबाला, टेकून लसूण सोलत बसले होते, एवढं मला पक्कं माहीत आहे. डोळे उघडले तेव्हा मांडीवर लसूण नव्हता, नारळ होता. कपाळ जड लागलं म्हणून हात लावला तर बोटं पिवळी झाली. कुणीतरी मला भंडारा फासला होता, तोही चिमूटभर नाही, भुवयांपासून थेट भांगापर्यंत. समोर तीन बायका बसल्या होत्या. वस्तीवरच्याच, रोज हापशावर भेटणाऱ्या. हात जोडून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, अजून काही बाहेर येतंय का म्हणून.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यातली एक उठली, माझ्या पाया पडली आणि उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली. कालच तिनं मला विरजणाला दही मागितलं होतं, आणि आज ती मला पाठ दाखवायला तयार नव्हती. मला तेव्हा जी भीती वाटली ती त्या बायकांची नव्हती. मी झोपेत असताना माझ्या अंगाचं हे लोक काय करत होते, आणि माझं तोंड काय करत होतं, याची होती.

माझं माहेर यवतचं. हायवेला लागून घर, रात्रंदिवस ट्रक, त्यामुळे शांतता म्हणजे काय ते मला लग्नानंतर कळलं. सासर मूळचं मेंढरंवाल्यांचं. सासऱ्यांच्या काळात दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढरांमागं कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचं. माझं लग्न झालं तोवर ते सगळं सुटलं होतं. सासरे जाऊन काही वर्षं झाली होती, रानात ऊस उभा होता, आणि जुन्याची खूण म्हणून दावणीला चार मेंढरं. नवरा नदीपल्याड शिरूरकडच्या नव्या कंपन्यांपैकी एकीत कामाला होता, तिकडेच खोली करून राहायचा आणि गुरुवारच्या सुट्टीला घरी यायचा. म्हणजे घरात आम्ही तिघीच. मी, माझी रांगती मुलगी, आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

आत्याबाई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणालाही तसं वाटेल. बोलायला फटकळ, हाताला सढळ, आणि नातीवर असा जीव की तिला उघड्या भुईवर बसू द्यायच्या नाहीत. अंगणात असो, रानात असो, आधी घोंगडीचा तुकडा अंथरायचा आणि मग पोर खाली ठेवायची. मी घाईत तिला तशीच फरशीवर सोडली की कुठूनतरी ओरडत यायच्या. मला वाटायचं, म्हातारीची लहर.

बाळंतपणानंतर मला फिट येऊ लागल्या. पहिली हापशावर आली. कळशी भरत होते, पुढचं आठवत नाही. लोकांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, जे जे हुंगवण्यासारखं असतं ते सगळं हुंगवलं. दुसरी आली तेव्हा नवऱ्यानं दौंडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि ती कशी घ्यायची ते त्याला नीट समजावलं. मी तेव्हा बाहेर बाकावर अर्धवट शुद्धीत पडले होते. नवऱ्यानं घरी येऊन आईच्या हातात पाकिटं दिली, "रोज एक, चुकवायची न्हाई," एवढं सांगितलं आणि ड्यूटीला पळाला.

आमच्या घरची एक रीत होती. घरात जे नवं येईल ते आधी देवापुढं. नवं धान्य असो, नवं लुगडं असो, मेंढीचं पहिलं दूध असो. तशी ती गोळ्यांची पाकिटंही देव्हाऱ्यात बिरोबाच्या चांदीच्या टाकाशेजारी जाऊन बसली. आणि एकदा देवापाशी गेलेली वस्तू देवाच्या वेळेनं निघणार. सकाळी आंघोळ करून आत्याबाई पूजा करायच्या, पाकिटातली एक गोळी फोडायच्या, भंडाऱ्याच्या चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवायच्या. मी ती प्रसादासारखी तोंडात टाकायची. इतकी वर्षं झाली, हळदीचा वास आला की माझी जीभ आजही कडू होते.

फिट थांबल्या. पण दुपार व्हायला लागली की मला ओढ लागायची. झोप येणं वेगळं, ती आपण घेतो. ही झोप मलाच घेऊन जायची. आधी हात लांब जायचे, म्हणजे भाकरी थापणारे हात दुसऱ्या कुणाचे आहेत असं वाटायचं. मग आवाज लांब जायचे. उसाच्या पात्यांची सळसळ, पलीकडच्या गुऱ्हाळावरची माणसं, सगळं एखाद्या बंद दारामागून यायचं. दुपारी वीज नसायची, त्यामुळे पंखा, रेडिओ, मोटार, सगळं मुकं. त्या मुक्या दुपारी मी बसल्या जागी निघून जायची.

पोर पाऊल टाकायच्या बेतात होती, आणि मला सगळा घोर तिचा. एकदा जाग आली तर ती चुलीपाशी पोचलेली, हात निखाऱ्याकडे. मी तिला ओढलं आणि धाय मोकलून रडले. त्यानंतर मी झोपेशी हुज्जत घालायला लागले. उभ्यानं कामं केली. तोंडावर पाणी मारलं. हिरवी मिरची दाढेखाली धरून बसले, तर मिरची दाढेखाली तशीच ठेवून झोपले आणि उठल्यावर दिवसभर तोंड पोळलं. शेवटी पोरीच्या पायात घुंगरांचे वाळे घातले, आणि तिच्या करगोट्याला दोरी बांधून दुसरं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. ती लांब गेली की अंगठा ओढला जायचा. शेळी बांधतात तशी मी लेक बांधली होती, आणि खरं तर बांधलेली मीच होते.

मी झोपेत बोलते हे पहिल्यांदा आत्याबाईंनी सांगितलं.

"काल तू बोललीस," त्या म्हणाल्या.

"काय बोलले?"

"काळी दारात आली म्हणालीस. आन् सांजच्याला काळी आली की."

काळी म्हणजे आमची एक मेंढी. दोन दिवस उसात कुठं शिरली होती, सापडत नव्हती. मी म्हटलं, झोपेत तिचं ओरडणं कानावर आलं असेल. आत्याबाईंना ते पटलं नाही. त्यांच्या माहेरी सासरी दोन्हीकडं देव अंगात येणारी माणसं होऊन गेली होती. वर्षातून एकदा देवळापुढं भाकणूक व्हायची, पुढच्या सालाचं पाऊसपाणी देव माणसाच्या तोंडून सांगायचा. त्यांनी लहानपणापासून ते ऐकलेलं. सून डोळे मिटून घोगऱ्या आवाजात बोलते आणि हरवलेली मेंढी दारात उभी राहते, याचा त्यांच्या हिशेबी एकच अर्थ होता.

मग तो भंडारा, तो नारळ, त्या तीन बायका. मग तीनच्या पाच झाल्या. दुपार झाली की यायच्या, मेढीसमोर बसायच्या, मी गेले की विचारायच्या. गेले म्हणजे झोपले. मी काय बोलले ते मला मागाहून दुसऱ्यांकडून कळायचं. कुणाच्या सुनेला दिवस राहतील म्हणाले होते, कुणाला उत्तरेला जाऊ नको म्हणाले होते. उत्तरेला काय आहे हे मला जागेपणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. आवाज कसा होता, विचारलं तर बायका एकमेकींकडं बघायच्या. एक म्हणाली, "तुमचा न्हवता, वहिनी." कालपरवापर्यंत मला अगं-तुगं करणारी.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला बरंही वाटलं. फिट येणारी सून म्हणून जी कुजबुज होती ती बंद झाली. चुलीपुढून मला उठवलं गेलं, भाकरी आयती मिळू लागली. हापशावर बायका बाजूला सरकायच्या. पण दुपारी कलंडायच्या आधी दर वेळी मला वाटायचं, मी इथून उठून गेल्यावर घर रिकामं राहत नाही. कुणीतरी येऊन बसतं. आणि संध्याकाळी मी परत येते तेव्हा ते माझ्या अंगाला हात पुसून नुकतंच गेलेलं असतं.

एका बुधवारी मी जागी झाले तेव्हा समोर बायका नव्हत्या. त्या दिवशी कुठंतरी लग्न होतं, सगळ्या तिकडं गेल्या होत्या. फक्त आत्याबाई बसल्या होत्या. पोर त्यांच्या मांडीवर झोपली होती, आणि दोरी सोडलेली होती.

"आज काय बोलले?" मी हसत विचारलं.

त्या हसल्या नाहीत. "पोरीला पाण्यापल्याड धाडा म्हणालीस."

मला आधी कळेचना. पाण्यापल्याड म्हणजे भीमेपल्याड, शिरूर तालुक्यात. तिथं माझी नणंद दिली होती. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पोरीवर तिचा आधीपासून डोळा होता असं मी म्हणणार नाही. जीव होता. पण आत्याबाईंनी त्याच संध्याकाळी कुणाच्यातरी हाती निरोप धाडला, येत्या रविवारी येऊन पोर घेऊन जा. रविवार हा देवाचा वार.

"किती दिवसांसाठी?" मी विचारलं.

"देवानं माघारी आण म्हणेस्तोवर."

मी भांडले, रडले, जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी नवरा सुट्टीला आला, त्याच्यापुढं पदर पसरला. तो बिचारा कंपनीत दिवसभर मशीनवर उभा राहणारा माणूस, घरी आला की आईपुढं पुन्हा पोर व्हायचा. म्हणाला, "तुझ्याच तोंडून आलंय की. मी काय बोलू?"

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड धरलं असतं. इथं तोंड माझंच होतं. आणि त्याहून वाईट गोष्ट मी कुणाला सांगू शकत नव्हते. पोर निखाऱ्यापाशी सापडली त्या दिवशी माझ्या मनात आलं होतं, हिला माझ्यापासून लांब नेऊन ठेवा कुणीतरी. जागेपणी आलं होतं. तेच झोपेत बाहेर पडलं नसेल कशावरून? त्या रात्री मी पोरीला कुशीत घेऊन पडले आणि स्वतःचं तोंड दाबून धरलं.

गोळ्या संपत आल्या होत्या म्हणून शुक्रवारी दौंडला जायचं आधीच ठरलं होतं. आत्याबाई सोबत आल्या. केडगावपर्यंत जीप, पुढं रेल्वे. डब्यात मला उभ्याउभ्या डुलकी लागली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाजवळ कान आणलेला मला जाणवला. मी ओठ चावून धरले.

डॉक्टरांनी फिटची चौकशी केली, मग सहज विचारलं, "गोळी कधी घेता?"

"सकाळी," आत्याबाई म्हणाल्या. "पूजा झाल्यावर. भंडाऱ्यासंगं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी रात्री जेवल्यावर सांगितली होती. या गोळीनं सुस्ती येते, म्हणून तर झोपताना घ्यायची. दिवसा झोपत असेल ही?"

"झोपत न्हाई. बोलतीया."

"ग्लानीत माणूस बरळतं, आजी. ताप चढला तरी बरळतं. त्याला काही अर्थ नसतो." मग माझ्याकडं वळून सावकाश सांगितलं, तेच पहिल्या वेळी मला ऐकू आलं नव्हतं. गोळी रोज रात्री, ठरल्या वेळी. आपल्या मनानं बंद करायची नाही, नाहीतर फिट पुन्हा येईल, जोरात येईल. आज सकाळची घेतली आहे तेव्हा आज रात्री नको, उद्या रात्रीपासून सुरू. सर्दीखोकल्याची दुसरी औषधं न विचारता घ्यायची नाहीत, त्यानं सुस्ती वाढते. चुलीपाशी, विहिरीपाशी एकटीनं जायचं नाही. आणि महिनाभरात अंगातला जडपणा उतरला नाही तर येऊन सांगायचं, सोसत बसायचं नाही. इतकी साधी गोष्ट. मला हसावं की रडावं कळेना. वेळ चुकली होती, बाकी काही नाही.

पण घरी पोचल्यावर आत्याबाईंनी नवी पाकिटं उचलून देव्हाऱ्यातच ठेवली.

"रातच्याला घ्यायचीय ती," मी म्हटलं.

"दिवेलागण झाली की देव्हारा मिटतो. देव निजल्यावर तिथं हात घालायचा न्हाई."

"मग बाहेर ठेवा."

"देवाला दिलेलं माघारी घेत्यात व्हय? आन् त्यो डाक्टर म्हन्तो बरळतीया. काळी बरळण्यानं दारात आली व्हय?"

बोलता बोलता माझाही तोल गेला. म्हटलं, "गोळीच ती. तुम्ही खाल्ली तर तुम्हीपण बोलाल."

त्या देव्हाऱ्याकडं वळल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "बराबर हाय. उद्याच्याला मी खाते. गोळी असंल तर मीबी बोलंन. देव असंल तर मी नुसती निजंन. मग रविवारी पोर जाईल, आन् तू आडवी यायची न्हाई."

मी पुष्कळ विनवलं. दुसऱ्याचं औषध खाऊ नये, वयाला सोसायचं नाही, काही झालं तर मी काय करू. पण आत्याबाईंनी एकदा देवापुढं बोललेलं फिरवल्याचं मी कधी पाहिलं नाही. शनिवारी सकाळी पूजा झाली, त्यांनी गोळी भंडाऱ्यात घोळवली आणि माझ्यासमोर पाण्यासंगं गिळली. मग रोजच्यासारख्या कामाला लागल्या.

मी त्या दिवशी काही घेतलं नव्हतं. कितीतरी महिन्यांनी मी दुपार उघड्या डोळ्यांनी बघत होते. ऊन अंगणात पांढरं फटक पडलं होतं. कुणी बाई आली नाही, आत्याबाईंनीच नको म्हणून सांगितलं होतं. त्या माझ्याच जागी, माझ्याच मेढीला टेकून तांदूळ निवडत बसल्या. बघता बघता त्यांचे हात मंदावले. मान खाली गेली. सुपातले तांदूळ सांडले आणि त्यांना कळलं नाही. मी समोर बसले, जिथं त्या बायका बसायच्या तिथं, आणि मला कळलं की त्यांना माझ्याकडं बघून काय वाटत असेल. माणूस समोर असतं आणि नसतं. श्वास चालू असतो, पण विचारलं तर कोण उत्तर देईल सांगता येत नाही.

वेळ जात होता आणि त्या बोलत नव्हत्या. मी देवाचीच विनवणी करत होते की हिच्या तोंडून काहीतरी काढ. ज्याला मी दोन दिवस शिव्या घातल्या त्याचीच.

मग उसाची पानं हलायची थांबली, आणि आत्याबाईंचे ओठ हलले.

"आक्का."

तो आवाज म्हातारीचा नव्हता. कोवळा होता, माझ्याहून लहान बाईचा.

"आक्का, तिला खाली ठिवू नगंस. भुई गार हाय." थोडा वेळ नुसता श्वास. "घोड्यावर न्यायची न्हाई, ताप हाय अंगात. मी येते की माघारी. पाऊस लागायच्या आत येते. तवर तिला भुईवर ठिवू नगंस, आक्का."

पोर मागं घोंगडीवर खेळत होती. वाळे वाजले. ती उठली, धरत धरत आत्याबाईंपाशी गेली आणि त्यांच्या गुडघ्याला हात लावून उभी राहिली. आत्याबाईंचे डोळे मिटलेलेच होते. चेहरा मात्र तिच्याकडं वळला.

"आलीस व्हय गं," त्या म्हणाल्या. "लई वाट बघितली."

आणि त्यांनी तिला ओढून छातीशी धरलं, इतकं घट्ट की पोर कळवळून ओरडली. मी झेप घेतली. त्या झोपलेल्या हातांत इतकं बळ होतं की बोटं एकेक करून सोडवावी लागली. पोरीला घेऊन मी अंगणात उन्हात जाऊन बसले आणि दिवेलागणीपर्यंत आत पाऊल टाकलं नाही. फक्त मधून मधून दारातून बघत होते, म्हातारीचा श्वास चालू आहे ना.

तिन्हीसांजेला त्या उठल्या. तोंड धुतलं, पाणी प्यायल्या. मग दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बोलले का मी?"

"बोललात."

"काय?"

मी हवं ते सांगू शकत होते. पोरीला आईपासून तोडू नका म्हणालात, असं सांगितलं असतं तर देवाचा शब्द म्हणून खपलंही असतं. झोपलेल्या माणसाचे शब्द ऐकणाऱ्याच्या मालकीचे असतात, हे मला त्या उंबऱ्यावर समजलं. पण त्या इतक्या घाबरलेल्या दिसत होत्या की माझ्यानं खोटं बोलवलं नाही. मी म्हटलं, "आक्का, तिला खाली ठिवू नगंस. भुई गार हाय."

आत्याबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या.

मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं, तो त्यानंतर जन्मला. उंबऱ्यावर बसूनच त्यांनी सांगितलं. त्यांची पहिली मुलगी. कोकणात निघायच्या वेळी तिला ताप आला, म्हणून मोठ्या बहिणीकडं ठेवली. बहीण दिलेली नदीपल्याड, शिरूर तालुक्यातच. पावसाच्या तोंडावर माघारी आल्या तेव्हा पोर राहिली नव्हती. काय झालं ते कुणी नीट सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. ती बहीणही कधीच गेली होती. हे शब्द जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

"मंजी गोळीच," त्या शेवटी म्हणाल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

त्या रात्री आमच्या घरात पहिल्यांदा मिटलेला देव्हारा उघडला गेला. आत्याबाईंनी हात जोडले, पाकिटं काढली आणि चुलीमागच्या कोनाड्यात मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. जेवण झाल्यावर मला गोळी दिली. भंडारा नाही, नुसतं पाणी. रविवारी नणंद आली तेव्हा तिच्या पिशवीत पोरीसाठी दोन नवे फ्रॉक होते. आत्याबाई तिला म्हणाल्या, "पोर न्हाई यायची." नणंद फ्रॉक तिथंच ठेवून गेली. तिच्या वाटेकडं बघताना माझं मलाच कसंतरी झालं, पण मी तिला थांबवलं नाही.

काही आठवड्यांत दुपारी मला परत मिळाल्या. सकाळी थोडं जड वाटायचं, चहानंतर उतरायचं. बोलणं बंद झालं. बायका चार-दोनदा येऊन बसल्या, मी त्यांच्यासमोर खडखडीत जागी बसून शेंगा फोडल्या, मग त्या यायच्या थांबल्या. हापशावर पुन्हा अगं-तुगं सुरू झालं.

बऱ्याच वर्षांनी आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. तेव्हा माझी लेक केडगावच्या कॉलेजात जात होती. अशीच एक दुपार, वीज गेलेली. मी त्यांचे पाय चेपत होते. त्या पूर्ण जाग्या होत्या, डोळे स्वच्छ होते. मला म्हणाल्या, "एक सांगायचं ऱ्हायलं. पाण्यापल्याड धाडा म्हणालीस, त्या दिशी."

"जाऊ द्या आता, आत्याबाई."

"तू न्हवतीस म्हणाली."

मी पाय चेपायची थांबले.

"मी तुझ्या तोंडाकडंच बघत व्हते. आवाज आला, लहान पोरीचा. हिला पाण्यापल्याड धाडा म्हणाला. मला वाटलं, देव तुझ्यातनं बोलतुया. पर तुझं तोंड मिटलेलं व्हतं." त्यांनी माझा हात धरला. "तिथं माझी पयली पोर एकटीच हाय. सोबत मागत आसंल."

मी उठले, दाराची कडी लावली. लेक आत स्वयंपाकघरात होती. मी तिला हाक मारली. ती "ओ" म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तोंड दिसत नव्हतं, म्हणून मी आणखी एकदा मारली, आणि ती चिडून दारात येऊन उभी राहीपर्यंत मारत राहिले.